पॉइंट गार्ड शिबिर : चेंडू हातात बसतो, संघाचं काय?

जिल्हास्तरावर हरलेल्या बास्केटबॉल संघाची चिकित्सा बहुतेक वेळा एका वाक्यात उरकते: "आपल्याकडं पॉइंट गार्ड नाही." पॉइंट गार्ड म्हणजे चेंडू पुढे नेऊन हल्ला जुळवणारा खेळाडू. नेमकं हेच वाक्य पकडून छत्रपती संभाजीनगरातल्या एका अकादमीनं उन्हाळी शिबिर बेतलं आहे. चार आठवडे, 24 सत्रं, प्रत्येक सत्र दीड तासाचं. फी 3,500 रुपये, टी-शर्ट आणि प्रमाणपत्र त्यातच. सकाळची बॅच 6 ते 7:30, संध्याकाळची 5:30 ते 7. वय 14 ते 19. चांगला पॉइंट गार्ड मिळाला की संघ थेट जेतेपदाच्या शर्यतीत, असा जाहिरातीचा दावा आहे. शिबिर चांगलं आहे, जाहिरात मात्र अर्धीच खरी.

आधी चांगलं ते. पहिले दोन आठवडे निव्वळ चेंडू हाताळण्याचे, आणि तिथे शिकवणारे पक्के आहेत. ड्रिबल (चेंडू जमिनीवर आपटत नेणं) गुडघ्याच्या वर जाऊ द्यायचा नाही, चेंडू बोटांनी ढकलायचा, तळहात लावायचा नाही, नजर समोर. नजर खाली जाऊ नये म्हणून प्रशिक्षक समोर उभा राहून बोटं दाखवतो आणि ड्रिबल करणाऱ्यानं आकडा ओरडून सांगायचा. जुनीच युक्ती, पण लागू पडते. मग दोन चेंडूंचा सराव: आधी दोन्ही एकदम आपटायचे, मग आलटून पालटून, मग एक उंच आणि एक जमिनीलगत. उजव्या हातावर निभावून नेणाऱ्यांचा डावा हात इथे पहिल्या पाच मिनिटांत उघडा पडतो. तिसरा सराव झिगझॅगचा. कोर्टाच्या 15 मीटर रुंदीचे तीन पट्टे करतात आणि एका पट्ट्यात, म्हणजे 5 मीटरच्या गल्लीत, अंगावर बचावपटू घेऊन चेंडू पलीकडे न्यायचा. गल्ली अरुंद असल्यामुळे नुसत्या वेगावर सुटका होत नाही. खांदा आडवा घालून, चेंडू लांबच्या हातात ठेवून, दिशा बदलावीच लागते.

इथली अडचण गणिताची आहे. बॅचमध्ये 28 मुलं आणि चेंडू 18. दोन चेंडूंचा सराव सुरू झाला की एका वेळी 9 जण खेळतात आणि 19 जण कडेला उभे. घरून स्वतःचा चेंडू आणणाऱ्याला दुप्पट सराव मिळतो, हे फी भरताना कुणी सांगत नाही.

शिबिरातला सर्वांत मोलाचा भाग म्हणजे ट्रॅप, म्हणजे दोघा बचावपटूंची कोंडी, फोडण्याचं सत्र. आपल्याकडचे शालेय संघ प्रेस (कोर्टभर अंगावर येऊन टाकलेला दबाव) लावतात तो साधाच असतो. चेंडू कडेला ढकलायचा आणि मध्यरेषा ओलांडताक्षणी दोघांनी मिळून कोंडायचं. ही जागा वाईट का, हे शिबिरात खडूनं आखून दाखवतात. एका बाजूला साइडलाइन, पाठीमागे मध्यरेषा (एकदा ओलांडली की परत मागे जाता येत नाही, शिट्टी वाजते), आणि उरलेल्या दोन बाजूंना दोन बचावपटू. घाबरलेला मुलगा इथे ड्रिबल थांबवून चेंडू डोक्यावर धरतो, आणि तिथेच खेळ संपतो. डोक्यावरून भिरकावलेला उंच पास हवेत इतका वेळ राहतो की तिसरा बचावपटू आरामात येऊन तो उचलतो.

शिकवलेला उपाय असा. दुसरा बचावपटू निघालेला दिसला की ड्रिबल थांबवायचा नाही. मध्यरेषेच्या अलीकडे असाल तर, तोंड रिंगकडेच ठेवून, दोन जोरकस ड्रिबल मागे. बचावपटू पाठोपाठ पुढे येतात आणि दोघांमधली फट रुंदावते. फटीत खांदा मावत असेल तर चेंडू खाली ठेवून आरपार. मावत नसेल तर पिव्हट करून (एक पाय जागेवर रोवून वळून), पाऊल बचावपटूच्या पायापलीकडे टाकून, त्याच्या कानाशेजारून सरळ पास. हे सगळं 8 सेकंदांत, कारण तेवढ्यात चेंडू मध्यरेषेपार जायलाच हवा. सरावात प्रशिक्षक सेकंद मोठ्यानं मोजतो, तेही चांगलं. सामन्यात पंचाचा हात हलताना बघायला कुणाला सवड असते?

आता उणिवा. 24 सत्रांपैकी 14 हाताळणीला, 6 पासिंगला आणि 4 सामन्याला. पॉइंट गार्डच्या शिबिरात पासिंगला हाताळणीच्या निम्म्याहूनही कमी वेळ म्हणजे प्रमाणच चुकलं. पिक अँड रोल (साथीदार बचावपटूच्या वाटेत स्क्रीन, म्हणजे आडोसा, बनून उभा राहतो आणि मग रिंगकडे वळतो) तर प्लास्टिकचे शंकू, म्हणजे कोन, ठेवून शिकवतात. स्क्रीनच्या जागी कोन, बचावपटूच्या जागी कोन. स्क्रीन लावणाऱ्याच्या कमरेला खांदा घासून जायचं, म्हणजे बचावपटूला मधून घुसायला जागा उरत नाही, एवढं कोनवर जमतं. पण खरा निर्णय त्यानंतर येतो. समोरचा उंच बचावपटू पुढे झेपावला तर ड्रिबल एक पाऊल लांबवून रोल करणाऱ्याला पास. तो मागेच थांबला तर आपणच शॉट. दोघांनी माणसं बदलली तर उंच खेळाडूसमोर बुटका अडकला आहे, चेंडू तिकडे पोचवायचा. कोन पुढेही झेपावत नाही आणि मागेही थांबत नाही. त्यामुळे मुलं एकच उत्तर पाठ करून घरी जातात.

त्याहून मोठी उणीव म्हणजे शिबिरात सगळेच गार्ड. पोस्टमध्ये, म्हणजे रिंगजवळ, उभा राहून पास घेणारा कुणीच नाही. पोस्टमधला पास हा दोघांचा मिळून असतो. आतल्यानं बचावपटूला पाठीवर घेऊन, बूड खाली ठेवून, बचावपटूपासून लांबचा हात दाखवायचा, आणि बाहेरच्यानं त्याच हाताकडे टप्पा पास द्यायचा, टप्पा दोघांमधल्या अंतराच्या दोन-तृतीयांशावर. टप्पा जवळ पडला तर चेंडू हळू होऊन छातीशी येतो आणि मागून हात घालायला वेळ मिळतो. फार पुढे पडला तर तो पायात घुसतो. हे भिंतीवर शिकता येत नाही. रिबाउंडनंतरच्या (न बसलेला शॉट पकडल्यावरच्या) पहिल्या पासचंही तेच. रिबाउंड घेणाऱ्यानं हवेतून उतरतानाच साइडलाइनकडे वळायचं, गार्डनं फ्री थ्रो रेषेच्या सरळ रेषेत कडेला जाऊन, साइडलाइनकडे पाठ करून चेंडू घ्यायचा, म्हणजे घेतानाच पूर्ण कोर्ट डोळ्यांसमोर असतो. गार्ड कितीही तयार झाला तरी उंच मुलगा रिबाउंड घेऊन तिथेच ड्रिबल आपटत बसला, तर जलद हल्ला निघायचा कुठून?

म्हणून फी भरण्याआधी आपल्या संघाला नक्की काय दुखतंय ते पाहावं. शालेय सामन्यांच्या स्कोअरशीटवर गुण आणि फाउल दिसतात, चेंडू कसा गेला ते दिसत नाही. बेंचवरच्या एका मुलाच्या हातात वही द्या आणि चार रकाने आखून घ्या. पहिला, मध्यरेषेच्या अलीकडे गमावलेले चेंडू, 8 सेकंदांच्या शिट्ट्याही त्यातच. दुसरा, पलीकडे गेल्यावर पास चुकून गेलेले. तिसरा, पास नीट होता पण घेणाऱ्याच्या हातून निसटलेले. चौथा, मोकळा शॉट मिळूनही न बसलेले. दोन-तीन सामन्यांत चित्र स्पष्ट होतं. पहिला रकाना भरला तर हे शिबिर तुमच्यासाठीच आहे, डोळे झाकून पाठवा. दुसरा भरला तर अर्धा उपयोग. तिसरा-चौथा भरला तर 3,500 रुपये वाचवा आणि तोच महिना सगळ्या संघाला रोज शॉट मारायला लावा. गार्ड मोकळा शॉट मिळवून देईल, तो रिंगमध्ये टाकायला तो दुसऱ्याच्या हातात जाऊन बसणार नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार.

जाहिरातीत एनबीए या अमेरिकी लीगचे फोटो आहेत, तर त्याच लीगचं उदाहरण घेऊ. फिनिक्स सन्सनी 2020 च्या नोव्हेंबरात पॉइंट गार्ड क्रिस पॉलला आणलं. आदल्या हंगामात 34 विजय, 39 पराभव असलेला संघ 51-21 वर गेला आणि 2021 ची फायनल खेळला. शिबिराच्या बाजूनं याहून भक्कम पुरावा नाही. पण तिथे डेव्हिन बुकर आणि डिअँड्रे एटन आधीच होते; पॉल आला तो तयार घराला कुलूप-किल्ली लावायला. आणि फायनल जिंकली मिलवॉकी बक्सनी, 4-2 अशी. त्यांनीही त्याच महिन्यात नवा गार्ड आणला होता, जरू हॉलिडे, ज्याची मुख्य ख्याती बचावासाठी. शेवटच्या सामन्यात 50 गुण केले ते बक्सच्या यानिसनं. उलट बाजू बघायची तर शिकागो बुल्सनी 1991 ते 1998 मध्ये सहा जेतेपदं मिळवली ती जॉन पॅक्सन आणि रॉन हार्परसारख्या गार्डना घेऊन. चेंडू पुढे न्यायला जॉर्डन आणि पिपेन होते. 2023 मध्ये जेतेपद मिळवणाऱ्या डेन्व्हरचा सगळा खेळ फिरत होता तो सेंटरभोवती (रिंगजवळ खेळणारा उंच खेळाडू), 2.11 मीटर उंचीच्या निकोला योकिचभोवती.

योकिचचा दाखला आपल्या क्रीडाशिक्षकांनी खास लक्षात ठेवावा. आपल्याकडे नियम ठरलेला: उंच मुलगा रिंगखाली, सगळ्यांत बुटका पॉइंट गार्ड. बुटक्याचा ड्रिबल जमिनीलगत राहतो हे खरं, पण ट्रॅपमध्ये दोन उंच हातांवरून त्याला पलीकडचं काही दिसतच नाही. वर्गातला कोणता मुलगा चेंडू यायच्या आधीच मान वळवून बघतो, तो शोधा. उंची नंतर बघा. या शिबिरात निवडचाचणी नाही, जो फी भरेल तो गार्ड, त्यामुळे हे काम शाळेलाच करावं लागेल.

आता जायचंच ठरलं तर काही व्यवहाराच्या गोष्टी. कोर्ट उघडा, सिमेंटचा आणि पूर्व-पश्चिम. खरं तर उघडा कोर्ट उत्तर-दक्षिण आखावा, म्हणजे कोवळं ऊन डोळ्यांवर येत नाही. इथे सकाळच्या बॅचला साडेसहानंतर पूर्वेकडच्या रिंगवर शॉट मारणाऱ्याला सूर्य समोर येतो, त्यामुळे निम्मा सराव डोळे बारीक करून होतो. संध्याकाळच्या बॅचला तोच त्रास पश्चिमेकडच्या रिंगवर होतो, शिवाय मेमध्ये साडेपाचला सिमेंट अजून तापलेलंच असतं. पातळ तळव्याचे बूट चालत नाहीत. जाड रबरी तळ आणि दोन जोड मोजे हवेत. कोर्टावर धूळ साचते, तिच्यावर वळताना पाय सरकतो. सत्राआधी ओलं पोतं फिरवतात, पण फक्त मधल्या भागात. कडेची गल्ली, जिथे झिगझॅग चालतो, तशीच राहते. पहिल्याच दिवशी सांगून तिथेही फिरवून घ्यावं.

चेंडू रबरी आहेत, सिमेंटसाठी तेच योग्य. महागडा कंपोझिट (कृत्रिम चामड्याचा) चेंडू अशा कोर्टावर एका हंगामात गुळगुळीत होतो. हवा मात्र सकाळीच भरून ठेवतात आणि ही चूक आहे. सकाळी 27 अंशांना 8 पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) भरलेला चेंडू उन्हात 45 अंशांपर्यंत तापला तर साधारण साडेनऊच्या जवळ जातो. असा चेंडू हातातून उसळतो आणि मुलाला वाटतं आपलाच ड्रिबल बिघडला. संध्याकाळच्या बॅचसाठी खेळण्याआधी थोडी हवा सोडावी. साधी परीक्षा अशी: डोक्याच्या उंचीवरून सोडलेला चेंडू कमरेच्या वर आणि छातीच्या खाली उसळला की ठीक. पंपाची सुई ओली करूनच घालावी, कोरडी घुसवली की व्हॉल्व्ह फाटतो आणि चेंडू दर दोन दिवसांनी बसतो.

जालन्याहून रोज ये-जा करायची असेल तर सकाळी 6 ची बॅच विसराच, संध्याकाळचीच घ्या. बीड, परभणी, नांदेड, लातूरकडच्यांसाठी राहायची सोय नाही, नातेवाइकांकडे पाहावं लागेल. एकाच शाळेतून जायचं तर दोन गार्ड पाठवण्यापेक्षा एक गार्ड आणि एक उंच मुलगा पाठवा आणि पासिंगच्या सहा सत्रांना दोघांना एकत्र उभं करायचा आग्रह धरा. विचारलं तर प्रशिक्षक नाही म्हणत नाहीत. विचारावं मात्र लागतं. शेवटच्या आठवड्यातल्या चार सामन्यांसाठी आपला संघ बोलवायलाही परवानगी आहे, ती जरूर वापरा, कारण गार्डनं शिकलेलं त्याच्याच साथीदारांबरोबर तपासायची शिबिरातली ती एकमेव संधी.

गुण द्यायचेच तर हाताळणीसाठी पाचपैकी साडेचार, ट्रॅपच्या सत्राला पाच, पासिंगला दोन, सोयींना अडीच.

मुलींच्या पालकांसाठी एक वेगळी सूचना. बॅच एकत्र आहे आणि सगळे 18 चेंडू 7 नंबरचे. मुलींचे सामने 6 नंबरच्या चेंडूनं होतात. त्याचा घेर साधारण 72 सेंटिमीटर, 7 नंबरचा 75 च्या वर, आणि वजनातही फरक. महिनाभर मोठ्या चेंडूवर हात बसवून स्पर्धेत लहान चेंडू आला की पास लांब जातात आणि शॉट रिंगच्या मागच्या कडेला लागतो. 6 नंबरचा चेंडू घरूनच न्या, आणि त्यावर नाव ठळक लिहून ठेवा.