सेव्हिल की ग्रानाडा? आंदालुसियात एकच शहर करायचं असेल तर

स्पेनच्या प्लॅनमध्ये माद्रिद-बार्सिलोना सगळ्यांचं ठरलेलंच असतं, घोडं अडतं ते खाली दक्षिणेला, कारण हातात दोन-तीनच रात्री उरतात आणि सेव्हिल की ग्रानाडा ते ठरत नाही. माझं मत सरळ सांगते, आल्हाम्ब्राचं, म्हणजे ग्रानाडातल्या सुलतानांच्या डोंगरावरच्या महाल-किल्ल्याचं, तिकीट मिळत असेल आणि सोबतच्यांचे गुडघे धड असतील तर ग्रानाडा, नाहीतर सेव्हिल.

म्हणूनच विमान-हॉटेल काहीही बुक करायच्या आधी आल्हाम्ब्राची अधिकृत साइट उघडा. सीझनमध्ये तिकिटं कितीतरी आधी संपतात, तिकीट नावावर असतं, पासपोर्ट नंबर द्यावा लागतो आणि आत गेल्यावरही ओरिजिनल पासपोर्ट बघतात, त्यामुळे तो हॉटेलच्या लॉकरमध्ये ठेवून जाऊ नका. तिकिटावर जी वेळ छापलेली असते ती नासरी महालांची, म्हणजे सुलतानांच्या राहत्या महालांची, आणि ती चुकली की महाल गेला, मग कितीही विनवण्या करा. हेनेरालिफेच्या बागेतून महालांपर्यंत चालायलाच पंधरा-वीस मिनिटं लागतात, तेव्हा बागेत रमलात तरी घड्याळाकडे लक्ष असू द्या. एवढी यातायात कशासाठी, तर आतल्या छतांसाठी. भिंतीवरचं कोरीवकाम नजर वर वर नेत राहतं आणि वर मधाच्या पोळ्यासारखी नक्षी लटकलेली दिसते, मान दुखेपर्यंत माणूस बघत राहतो. १४९२ च्या जानेवारीत शेवटचा सुलतान बोआब्दिल याने हे सगळं स्पेनची राणी इसाबेला आणि राजा फर्दिनांद यांच्या हवाली केलं, त्या दोघांच्या कबरी खाली गावातल्या रॉयल चॅपलमध्ये आहेत, तेही बघाच.

सेव्हिलमध्ये असं एकाच तिकिटावर सगळी ट्रिप अडकत नाही. अल्काझार राजवाडा आणि कॅथेड्रल, दोन्हींची तिकिटं ऑनलाइन आधी घेतलेली बरी, पण समजा एक हुकलं तरी शहर शिल्लक राहतं. कॅथेड्रलचा हिराल्दा मनोरा म्हणजे मुळात मशिदीचा मिनार, त्यात वर जायला पायऱ्या नाहीत तर उतार आहेत, बांग देणाऱ्याला घोड्यावरून वर जाता यावं म्हणून तसे केले असं सांगतात, अगदी टोकाला तेवढ्या थोड्या पायऱ्या येतात. प्रत्येक उताराला नंबर आहे त्यामुळे किती राहिलं ते कळतं आणि मधे खिडकीशी थांबत थांबत साठीपुढचे लोकही आरामात चढतात. खाली कॅथेड्रलमध्ये कोलंबसची कबर, चार राज्यांच्या चार दूतांच्या पुतळ्यांच्या खांद्यावर शवपेटी. आणि १९२९ च्या प्रदर्शनासाठी बांधलेला प्लाझा दे एस्पान्या संध्याकाळी बघा, एकेका प्रांताचा टाइल्सचा बाक आहे, मुलं त्यात हरवून जातात.

आई-बाबा सोबत असतील तर माझा कौल सेव्हिललाच, कारण गाव सपाट आहे. ग्रानाडाची आल्बाइसिन ही जुनी वस्ती म्हणजे चढ, गोटे बसवलेल्या गल्ल्या आणि पुन्हा चढ, बॅगेची चाकं तिथे टिकत नाहीत. छोट्या मिनीबस वर सान निकोलासच्या व्ह्यू पॉइंटपर्यंत जातात, त्या वापरा, आणि हॉटेल खालीच प्लाझा नुएवा चौकाच्या आसपास घ्या.

आता उन्हाचं. आपल्या मे महिन्याच्या सुट्टीत दोन्ही जमतं पण जुलै-ऑगस्टमध्ये सेव्हिल नकोच, चाळिशी सहज पार होते, नागपूरकरांनाही सांगते, कारण दिवस रात्री साडेनऊपर्यंत संपतच नाही आणि दगडी गल्ल्या तापून राहतात. ग्रानाडाही दुपारी भाजतं पण ते साधारण सातशे मीटर उंचीवर आहे, रात्री वारा सुटतो. उलट दिवाळीच्या सुट्टीत सेव्हिल मस्त, ग्रानाडाला मात्र जॅकेट लागतं.

खाण्यात ग्रानाडा जिंकतं, निदान खिशाच्या बाबतीत तरी. ड्रिंक मागवलं की सोबत तापास, म्हणजे खाण्याची छोटी डिश, फुकट, बहुतेक ठिकाणी साध्या कोल्ड्रिंकवरही देतात, दुसऱ्या ड्रिंकला दुसरी डिश येते. पण ती काय येईल ते बारवाला ठरवतो आणि बऱ्याचदा हॅम नाहीतर मासा असतो, म्हणून शाकाहारींनी आधीच ‘सिन कार्ने, सिन हामोन, सिन पेस्कादो’ (मांस, हॅम, मासा नको) म्हणायचं, नुसतं व्हेजिटेरियन म्हटलं तर ट्यूना घातलेलं सॅलड येऊ शकतं. सेव्हिलमध्ये तापास विकत घ्यायचे पण मनासारखं मागवता येतं, पालक-छोले तिथली खास डिश आहे, जिऱ्याचा वास येतो आणि भाकरीची आठवण होते. साल्मोरेखो, म्हणजे टोमॅटोचं थंड घट्ट सूप, मागवलंत तर वरचं हॅम आणि अंडं काढायला सांगा. वेळा मात्र दोन्हीकडे सारख्याच छळतात, चार ते आठ किचन बंद, जेवण रात्री नऊला, तेव्हा लहान मुलं असतील तर दुपारीच सुपरमार्केटमधून ब्रेड-फळं घेऊन ठेवा.

फ्लॅमेंको सेव्हिलमध्ये छोट्या हॉलमध्ये बघा, ग्रानाडात साक्रोमोन्ते टेकडीवरच्या गुहांमध्ये होतो, गुहेत पाय आपटले की बाक हादरतो, वातावरण तिथलं जास्त पण बरेच शो पूर्ण टुरिस्टी झालेत. कॅथेड्रलजवळ बायका हातात रोझमेरीची काडी देतात, घेऊ नका, घेतली की पैसे मागतात, हे दोन्ही शहरांत.

माद्रिदहून सेव्हिल फास्ट ट्रेनने अडीच तास आणि गाड्या भरपूर, ग्रानाडाला तासभर जास्त आणि गाड्या कमी. चार रात्री निघत असतील तर प्रश्नच मिटला, दोन्ही करा, मधे बसने साधारण तीन तास लागतात, आणि कोणतं शहर आधी ते आल्हाम्ब्राची तारीख मिळेल त्यावर ठरवा.