नाशिकच्या कॉलेज हॉस्टेलमधली तीन जणांची खोली: जुलै ते एप्रिल वापरल्यानंतर

हा अनुभव गंगापूर रोडच्या बाजूच्या एका कॉलेज हॉस्टेलचा आहे. तीन मजली इमारत, खोलीत तीन लोखंडी कॉट, तीन टेबलं, भिंतीतली तीन कपाटं, मजल्याच्या टोकाला सामायिक बाथरूम, तळमजल्यावर मेस आणि गच्चीवर सोलर. नाशिकमधली बरीचशी हॉस्टेलं याच साच्यातली आहेत, मग ती दिंडोरी रोडला असोत नाहीतर नाशिकरोडला. त्यामुळे खाली लिहिलेलं बरंचसं तिथेही लागू पडेल.

प्रवेशाच्या वेळी खोली दाखवतात ती भर दुपारी. नवा रंग, रिकामा मजला, नळाला भरपूर पाणी. त्या भेटीत जे दिसतं त्यातलं फारच थोडं पुढे कामाला येतं. हॉस्टेल कसं आहे ते कळतं सकाळी साडेसहाला बाथरूमच्या दारात आणि रात्री पावणेनऊला मेसमध्ये. त्या वेळी जाणं जमणार नसेल, तर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांना तीनच गोष्टी नेमक्या विचारा. गरम पाणी किती ते किती येतं? मेसचा खाडा (न जेवलेल्या दिवसांचे पैसे कापून मिळणं) किती दिवसांचा धरतात? गेल्या वर्षी ढेकणांची फवारणी किती वेळा झाली? यातलं काहीच माहितीपत्रकात छापलेलं नसतं.

पाण्यापासूनच सुरुवात करतो, कारण हिवाळ्यात सगळ्यात जास्त त्रास त्याचाच. नाशिकचा डिसेंबर-जानेवारी बाहेरगावच्या मुलांना अंदाज नसतो इतका गार असतो, पारा दहाच्या खाली जातो. निफाडकडे त्याहून कमी. गच्चीवर २००० लिटरची सोलरची टाकी आणि खाली नव्वद मुलं असा हिशोब असेल, तर माणशी २२ लिटर, म्हणजे एक बादली. कागदावर हे पुरतं. प्रत्यक्षात दोन अडचणी येतात.

पहिली पाइपची. गच्चीपासून तळमजल्याच्या बाथरूमपर्यंत पाऊण इंची पाइप सहज ३५ मीटर भरतो. मीटरमागे पाव लिटर धरलं तरी आठ-नऊ लिटर पाणी पाइपातच रात्रभर गार होऊन बसलेलं असतं. त्यामुळे सकाळी जो पहिला नळ सोडतो त्याची निम्मी बादली गारच भरते. रिटर्न लाइन (पाइपातलं गार पाणी परत टाकीत नेणारा पाइप) आणि छोटा पंप बसवलेला असेल तर हा प्रश्न येत नाही, पण तो फार थोड्या ठिकाणी असतो. उपाय साधा आहे. पहिली अर्धी बादली धुण्याच्या कपड्यांवर ओता, फेकू नका.

दुसरी अडचण कमी लोकांच्या लक्षात येते. सोलरची टाकी जेवढी रिकामी होते तेवढंच गार पाणी खालून आपोआप आत येतं. पाणी सगळ्यात गरम असतं दुपारी चार-पाचच्या सुमारास. प्रॅक्टिकल संपवून आलेली तीस-चाळीस मुलं त्या वेळी आंघोळीला गेली की टाकीत सूर्यास्ताच्या तोंडावर गार पाणी भरतं, आणि ते तापवायला ऊन उरलेलं नसतं. सकाळी कोमट पाणी येतं म्हणून सोलर बिघडल्याची तक्रार होते, पण सोलर ठीकच असतो. यासाठीच काही हॉस्टेलांत संध्याकाळी गरम पाण्याचा व्हॉल्व बंद ठेवतात. मुलं चिडतात, पण हा नियम बरोबर आहे. तुमच्याकडे तो नसेल तर मजल्याच्या बैठकीत मागून घ्या. ऑगस्टमध्ये आठ-आठ दिवस ऊन नसतं, तेव्हा मात्र टाकीतल्या विजेच्या कॉइलचा बॅकअप चालू आहे का हे विचारावंच लागतं.

गरम पाणी नाही म्हटलं की हीटरची रॉड निघते. बहुतेक सगळीकडे तिला बंदी असते आणि सापडली की जप्त होते. हिशोबही बघा: २० लिटर पाणी १५ अंशांवरून ४० वर न्यायला १५०० वॅटच्या रॉडला २३-२५ मिनिटं लागतात. म्हणजे तीन जणांची खोली असेल तर सव्वा तास. त्यात दोन-तीन खोल्यांना मिळून १० अँपिअरचा एकच एमसीबी (जास्त भार आला की वीज तोडणारं बटण) असतो. २३० व्होल्टला १० अँपिअर म्हणजे २३०० वॅट. एका खोलीत रॉड, शेजारी १५०० वॅटची किटली आणि पलीकडे हजार वॅटची इस्त्री लागली की ४००० वॅट होतात. एमसीबी त्याच क्षणी पडत नाही, आधी तापतो आणि मग पडतो. म्हणून नेमकं कुणामुळे पडला ते कळत नाही आणि भांडणं होतात. परत परत पडणारा एमसीबी वर करत बसू नका, आधी किटल्या काढा. खोलीतल्या छोट्या सॉकेटभोवती तपकिरी डाग किंवा जळका वास आला तर तो सॉकेट वापरणं बंद करा आणि रजिस्टरमध्ये तक्रार लिहा. आणि रॉड वापरणारे वापरतातच म्हणून सांगतो: बादली प्लास्टिकची हवी, आणि पाणी तापलं की नाही ते बघायला बोट घालण्याआधी बटण बंद करून पिन बाहेर काढलेली हवी. या एका चुकीने लोकांचे जीव गेले आहेत.

आता पावसाळा. नाशिकचा पाऊस पश्चिमेकडून, त्र्यंबकच्या बाजूने येतो. खोली पश्चिमेची असेल तर खिडकीखालची भिंत जुलैच्या अखेरीस ओल धरते आणि ऑगस्टमध्ये तिथे काळी बुरशी दिसायला लागते. पहिल्या दिवशी कॉट निवडताना सगळे खिडकीजवळची पकडतात, वारा येतो म्हणून. पश्चिमेच्या खोलीत ती कॉट सगळ्यात वाईट. दाराकडची मधली भिंत कोरडी राहते. खिडकीचीच कॉट वाट्याला आली तर ती भिंतीपासून चार-पाच इंच पुढे ओढा, म्हणजे मागून हवा फिरेल आणि गादीची कड भिंतीला टेकणार नाही.

गादी विकत घेण्याआधी कॉट मोजा. हॉस्टेलच्या कॉट अनेकदा अडीच फूट रुंदीच्या असतात. तीन बाय सहाची गादी आणली की कड बाहेर लोंबते आणि तिथून कापूस गोळा होतो. घरची कापसाची गादी झोपायला उत्तम, थंडीत तर तिला तोड नाही. पण पावसाळ्यात ती ओल पिते, जड होते आणि वास मारते. महिन्यातून एकदा तरी दोन तास कडक ऊन दाखवता येणार नसेल तर काथ्याची घ्या, आणि थंडीसाठी वर एक जाड सोलापुरी चादर किंवा घरची गोधडी.

वाळत घालायची दोरी खोलीच्या आत बांधू नका. तिघांचे ओले कपडे रात्रभर आत वाळले की तेच पाणी भिंतीत जातं. जिन्याखालची किंवा व्हरांड्यातली जागा धरा. आणि रविवारी सकाळी नऊ ते अकरा धुण्याचं मशीन रिकामं मिळतं, कारण तेव्हा अर्धं हॉस्टेल मिसळ खायला बाहेर पडलेलं असतं.

ढेकणांबद्दल सविस्तर लिहिणं भाग आहे, कारण यात सगळेच चुकतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत खोली दोन महिने बंद होती म्हणजे ढेकूण मेले असतील, असं समजू नका. ते काही न खाता कित्येक महिने काढतात. पहिल्याच दिवशी, गादी टाकायच्या आधी, कॉट उलटी करून मोबाईलच्या उजेडात बघा. लोखंडी पट्टी जिथे पाइपला जोडलेली असते ती खाच, स्क्रूची भोकं, पायाच्या पाइपचं उघडं तोंड आणि वर प्लायवूड असेल तर त्याच्या कडेची चीर. शाईच्या पेनाने टिंबं दिल्यासारखे काळे डाग दिसले की समजायचं. जिवंत ढेकूण दिवसा दिसेलच असं नाही, डाग मात्र दिसतात.

सापडले तर कॉट बाहेर न्या आणि प्रत्येक खाचेत मेसमधून आणलेलं उकळतं पाणी हळूहळू, धार धरून ओता. भसकन ओतलं तर पाणी वरून निघून जातं आणि खाचेत उष्णता पोचत नाही. पन्नास अंशांच्या वर ढेकूणही मरतो आणि अंडंही. फवारणीचं तसं नाही, तिच्यातून बरीचशी अंडी वाचतात आणि आठ-दहा दिवसांत फुटतात. म्हणून एका फवारणीने काम होत नाही, दहा ते चौदा दिवसांनी दुसरी लागतेच. ठेकेदार एकदाच येऊन जातो, महिन्याभरात ढेकूण परत दिसतात आणि औषध खोटं होतं असं सगळे म्हणतात. दुसऱ्या फवारणीची तारीख पहिल्याच दिवशी लेखी घ्या. एकच खोली फवारली तर ढेकूण शेजारच्या खोलीत सरकतात, त्यामुळे अख्खा मजला एकदम व्हायला हवा. आणि रॉकेल अजिबात नको. गादी-चादरीच्या खोलीत ते आगीला आमंत्रण आहे.

डासांसाठी मच्छरदाणी, बाकी कशाचा फारसा उपयोग नाही. दिवाळीला घरी जाताना भरलेली बादली खोलीत ठेवून जाऊ नका. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात आठवडा-दहा दिवसांत तयार होतो. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगतात तो याचसाठी.

मेस. दोन्ही वेळचं जेवण इथेच, रविवारी संध्याकाळी बंद. जेवण वाईट नव्हतं, पण वेळेप्रमाणे बदलतं. साडेसातला मेस उघडते, सव्वाआठपर्यंत गेलात तर पोळी ताजी असते. नंतरची पोळी डब्यात एकावर एक रचलेली, वाफेने खालून ओली आणि वरून वातड. पावणेनऊनंतर वरणात पाणी वाढतं. मेस कमिटीवर असाल तर चव बघून वाद घालू नका, सकाळी कोठीत जाऊन डाळ मोजा. माणशी ३० ग्रॅम कोरडी डाळ धरली तर शंभर पानांना ३ किलो लागते. दोन किलो शिजत असेल तर वरण पातळ का, हे कुणाला विचारावं लागत नाही. ही एक मोजणी महिनाभर रोज झाली की आचारीही खूश राहतो, कारण त्याला कोठीतूनच कमी मिळत असतं.

खाड्याचा नियम फी भरण्याआधी वाचा. आमच्याकडे सलग तीन दिवसांपेक्षा कमी गैरहजेरी धरत नाहीत आणि आदल्या दिवशी संध्याकाळी सहाच्या आत वहीत सही लागते. शुक्रवारी संध्याकाळी घरी जाऊन सोमवारी सकाळी परतणाऱ्याचा खाडा कधीच बसत नाही. महिन्यातून दोनदा घरी जाणाऱ्या मुलाने हे पैसे बजेटमध्ये धरूनच ठेवावेत. आजारी पडल्यावर खोलीत डबा मिळतो का, हेही विचारा. ताप आलेला असताना तळमजल्यावर रांगेत उभं राहणं फार जड जातं.

घरून आणायचं ते शेंगदाण्याची चटणी, तूप, लोणचं. चिवडा पावसाळ्यात चार दिवसांत मऊ पडतो. मुंग्यांसाठी डबा पाण्याच्या ताटलीत ठेवा.

कपाटाला स्वतःचं कुलूप लावायचं असतं, आणि सगळे भारी कुलूप आणतात. बघायचा असतो कोयंडा. तो बाहेरून दिसणाऱ्या दोन स्क्रूंवर बसवलेला असेल तर कुलूप कितीही भारी असलं तरी एका स्क्रूड्रायव्हरने कपाट उघडतं. सुताराकडून आरपार बोल्ट मारून घ्या.

गेट दहाला बंद होतं. संध्याकाळी मुंबईहून सुटणारी पंचवटी नाशिकरोडला येते तेव्हा साडेनऊ होऊन गेलेले असतात, आणि तिथून गंगापूर रोड नऊ-दहा किलोमीटर. त्या गाडीने यायचं असेल तर लेटपास आधीच घेतलेला बरा. वायफाय रात्री नऊ ते बारा रडत चालतं, मोठ्या फाइली पहाटे उतरवा. एप्रिलमध्ये वरच्या मजल्याचा स्लॅब रात्री अकरापर्यंत गरम असतो. त्या महिन्यापुरता तळमजला चांगला.

रॅगिंगचा अनुभव इथे आला नाही. तरीही १८००-१८०-५५२२ हा देशपातळीवरचा हेल्पलाइन क्रमांक पहिल्याच दिवशी फोनमध्ये ठेवा. २००९ च्या यूजीसी नियमांप्रमाणे प्रवेशावेळी विद्यार्थी आणि पालक दोघांचंही प्रतिज्ञापत्र घेतात, ते सही करण्याआधी वाचा. पैशांची अडचण असलेल्यांनी समाजकल्याणच्या स्वाधार योजनेची आणि आदिवासी विद्यार्थ्यांसाठीच्या स्वयंम योजनेची चौकशी प्रवेशाबरोबरच करावी. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या मुलांसाठीच त्या आहेत, आणि उशिरा कळल्यामुळे दरवर्षी अनेकांचं वर्ष हुकतं.

डिपॉझिटसाठी खोलीत पाऊल टाकल्यावर लगेच कॉट, टेबल, कपाटाचं दार, पंखा, ट्यूब, खिडकीच्या काचा यांचे फोटो काढा आणि तुटलेलं जे असेल ते सामानाच्या रजिस्टरमध्ये लिहून रेक्टरांची सही घ्या. सोडताना नो ड्यूजसाठी (काही देणं बाकी नसल्याच्या दाखल्यासाठी) मेस, ग्रंथालय आणि ऑफिस अशा तीन सह्या लागतात, शिवाय डिपॉझिटची मूळ पावती. पावतीचा कागद वर्षभरात पुसट होतो, त्याचीही झेरॉक्स जुलैतच काढून फाईलला लावून ठेवा.