डिसेबिलिटी पेन्शनच्या केसेस करणारं वकिलांचं ऑफिस, पुणे: चार स्टार

आमचे अण्णा फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झाले. सर्व्हिसमध्येच बीपी लागलं होतं, रिलीज मेडिकल बोर्डाने (रिटायर होताना तपासणी करणारं डॉक्टरांचं मंडळ) 30 टक्के डिसेबिलिटी, तीही आयुष्यभरासाठी, लिहून दिली आणि खालीच शेरा मारला की आजार सर्व्हिसमुळे झालेला नाही आणि सर्व्हिसमुळे वाढलेलाही नाही, म्हणजे डिसेबिलिटी पेन्शन नाही. कारण काय, तर बीपी निघालं तेव्हा पोस्टिंग पीस स्टेशनला, म्हणजे सीमेपासून लांब शांत ठिकाणी, होतं. म्हणजे त्याआधी जम्मूत सीमेजवळच्या राजौरीत काढलेली वर्षं काय पिकनिक होती का?

गावात जो तो सांगायचा जुने सीओ (कमांडिंग ऑफिसर) शोधा, साक्षीदार आणा. या वकिलांनी त्यातलं काहीच मागितलं नाही, पहिला प्रश्न एकच, भरतीच्या वेळच्या मेडिकलमध्ये बीपीची नोंद आहे का? नाही म्हटल्यावर म्हणाले मग निम्मं काम झालं. धरमवीर सिंग केसमध्ये सुप्रीम कोर्टाने 2013 मध्येच सांगून ठेवलंय की भरती होताना आजाराची नोंद नसेल तर तो सर्व्हिसमुळेच आला असं धरायचं, उलटं सिद्ध करायची जबाबदारी सरकारची, आणि बोर्डाने नाही म्हणायचं तर कारणं लिहायची. त्या केसमधल्या जवानाला फिट्स यायच्या, 1985 ला भरती झालेला. बोर्डाचा कागद त्यांनी अण्णांसमोर ओळ न ओळ वाचला, कारणाच्या जागी एक ठोकळेबाज वाक्य सोडून काही नाही हे बोट ठेवून दाखवलं. मला हेच जास्त आवडलं. बाकीचे लोक कागद न बघताच "होऊन जाईल" म्हणतात.

आधी खात्याकडे केलेलं अपील फेटाळलं गेलं, मग मुंबईच्या आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनलमध्ये, म्हणजे फौजींच्या केसेस चालवणाऱ्या कोर्टात, केस टाकली, वेळ लागला पण निकाल आमच्या बाजूने आला. राउंडिंग ऑफचं, म्हणजे डिसेबिलिटीचे टक्के वरच्या ठरलेल्या आकड्याला नेऊन धरण्याचं, आम्हाला ठाऊकच नव्हतं, ते त्यांनी अर्जातच मागून ठेवलेलं, त्यामुळे 30 टक्क्यांऐवजी 50 टक्के डिसेबिलिटी धरली गेली. 100 टक्के डिसेबिलिटीला शेवटच्या बेसिक पगाराच्या 30 टक्के मिळतात, म्हणजे 50 ला 15 टक्के. फरक किती पडतो तुम्हीच बघा.

एक स्टार कापला तो फोनसाठी, क्लार्क उचलतच नाही आणि उचलला तर "साहेब कोर्टात आहेत". आणि गुडघे गेलेले, पाय गेलेले फौजी जिथे येतात ते ऑफिस तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही!! वरती चहा मिळतो म्हणा.

फी आधीच ठरवून घेतात, एरियर्समध्ये (मिळालेल्या थकबाकीत) टक्के मागत नाहीत. जो वकील टक्के मागेल त्याच्याकडे जाऊच नका, बार कौन्सिलच्या नियमात ते बसत नाही. आणि सप्टेंबर 2023 नंतर रिटायर झाला असाल तर पहिल्या भेटीतच तसं सांगा, तेव्हापासून नियम नवीन आलेत, वर सांगितलेला हिशोब तुम्हाला जसाच्या तसा लागू होईलच असं नाही.