निवृत्त ग्रेहाउंड की लॅब्रॅडॉरचं पिल्लू?

कुत्रा पाळायचा तर कोणता, मेलबर्नची माझी भाची सध्या याच पेचात आहे. नवराबायको दोघंही नोकरीवाले, घर लहान.

आधी वेळेचं बघू. पिल्लाला शी-शूपासून सगळं शिकवायचं, शिवाय चपला-सोफ्याची चावाचावी. ग्रेहाउंड म्हणजे शर्यतीत धावणारा सडपातळ कुत्रा; शर्यतीतून निवृत्त झालेला बहुधा दोन ते पाच वर्षांचा असतो. ताशी ७० किलोमीटरच्या आसपास धावणारा हा प्राणी घरात मात्र दिवसाचा बराच वेळ लोळत काढतो. पण तो वाढलेला असतो इतर कुत्र्यांबरोबर, केनेलमध्ये, म्हणजे कुत्रे ठेवायच्या जागेत. जिना, काचेचं दार, घरातलं एकटेपण, सगळंच त्याला नवं. पहिले काही आठवडे धीर धरावा लागतो. तेवढी तयारी नसेल तर त्याला आणूच नये, त्याचे हाल होतात.

मेलबर्न ज्या राज्यात आहे त्या व्हिक्टोरियात २०१९पासून पाळीव ग्रेहाउंडला तोंडाची जाळी सक्तीची नाही. पट्टा मात्र हवाच. ससा दिसला की तो सुसाट सुटतो.

ग्रेहाउंडचे दात आधी तपासून घ्यायचे. अंगावर चरबी कमी, म्हणून थंडीत कोट. भूल देण्याआधी डॉक्टरांशी बोलायचं, काही औषधं त्याला जड जातात. लॅबचं, म्हणजे लॅब्रॅडॉरचं, वजन आणि खुबे सांभाळावे लागतात.

घरात मांजर असेल, मोकळं खेळायची हौस असेल तर लॅब घ्या. शांत सोबत हवी असेल तर ग्रेहाउंड. भाचीला मी तोच सुचवला.