बॅटरीची पेशंट-खुर्ची: सात-आठ महिने वापरल्यावर खर्च कुठे कुठे निघाला

आमचं हॉस्पिटल तालुक्याच्या गावचं, ट्रस्टचं. इमारत जुनी, लिफ्ट एकच आणि तीही सारखी रुसणारी. एक्स-रे, सोनोग्राफी वरच्या मजल्यावर, म्हणजे पेशंट रॅम्पनेच न्यायचा. रॅम्प नियमाप्रमाणे एकास बारा उताराचा आहे, पण नव्वद किलोच्या माणसाला साध्या व्हीलचेअरवरून तिथे चढवायचं तर मागून ढकलायला दोन मामा (वॉर्डबॉय) लागतात आणि वर पोचेपर्यंत दोघांचीही कंबर बोलायला लागते. पाठदुखीच्या रजा वाढल्या तेव्हा बॅटरीच्या खुर्चीचा विषय निघाला.

साधी फोल्डिंग खुर्ची सहा-सात हजारांत येते. ही, मागच्या माणसाच्या हाताशी जॉयस्टिक असलेली, सव्वा लाखाच्या घरात गेली. "एवढ्यात पंधरा-वीस साध्या येतील," असं एक ट्रस्टी म्हणालेच.

रॅम्पवर ती पैसे वसूल करते, यात वाद नाही. एकटा मामा, किंवा मावशीसुद्धा (आया), जड पेशंटला आरामात वर नेतात. उतरताना खुर्ची हातातून सुटायची भीती नाही, कारण जॉयस्टिक सोडली की ती उतारावरही जागच्या जागी थांबते. चाकांचा ब्रेक वीज असेपर्यंत सुटलेला राहतो आणि वीज तुटली की आवळतो.

पण याच गुणाने एकदा घोळ केला. सपाटीवर इंडिकेटर निम्म्यावर होता. रॅम्पवर मोटरवर लोड आला, व्होल्टेज खाली बसलं आणि खुर्ची मधोमध बंद. ब्रेक आवळलेले. खुर्चीचंच वजन पन्नास किलोच्या आसपास, वर आजी बसलेल्या. चाकाजवळचा लिव्हर ओढला की ती हाताने ढकलता येते, पण मग ब्रेक उरतच नाही. शेवटी तिघांनी आधी खुर्ची धरून ठेवली, मग लिव्हर ओढला. आजी निवांत: "प्येट्रोल संपलं का रं बाळा?"

खरा खर्च बॅटरीत आहे. आत १२ व्होल्टच्या दोन सीलबंद लेड-अॅसिड बॅटऱ्या, मिळून २४ व्होल्ट. त्यांना रोज रात्री सात-आठ तास सलग चार्जिंग हवं. अर्धवट उतरलेल्या तशाच ठेवल्या की प्लेटांवर सल्फेट धरतं आणि क्षमता जाते ती परत येत नाही. आमच्याकडे चार्जरच्या सॉकेटवर नातेवाइकांचे मोबाइल लागायचे. आता खुर्ची नाइट सिस्टरांच्या टेबलामागे लागते आणि हँडओव्हरच्या रजिस्टरात तिची नोंद होते. तेव्हापासून तक्रार कमी, पण आधीच्या हेळसांडीने बॅटऱ्या म्हाताऱ्या झाल्या त्या झाल्याच. खुर्चीला वर्षाची वॉरंटी, बॅटरीला सहाच महिने. सप्लायरचं उत्तर ठरलेलं: "साहेब, बॅटरी कन्झ्युमेबलमध्ये येते," म्हणजे वापरून संपणाऱ्या वस्तूंत. सीएमसी (सुट्या भागांसकट देखभालीचा करार) घेतली तरी हेच ऐकायला मिळतं, म्हणून बॅटरी त्यात धरली आहे का, हे सहीआधी लेखी घ्यावं.

टॅक्सचंही ऐका. खुर्चीवर जीएसटी ५ टक्के. सुटी बॅटरी १८ टक्के, एएमसीसुद्धा (वार्षिक देखभाल करार) १८ टक्के. उपचारांवर आपण जीएसटी लावत नाही, त्यामुळे याचं इनपुट क्रेडिटही (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) मिळत नाही. कोटेशनांची तुलना करताना बेसिक रेट नाही, टॅक्ससकट आकडा पाहायचा.

बाकी किरकोळ. टायर भरीव आहेत, पंक्चरची कटकट नाही. हायपोक्लोराइटने (जंतुनाशक) पुसून नटबोल्ट गंजायला लागलेत. जॉयस्टिकवर पाणी मारू नका, हे मावशींना पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. ज्यांच्याकडे एमआरआय आहे त्यांनी ही खुर्ची मॅग्नेटच्या खोलीत अजिबात नेऊ नये.

सगळं एका मजल्यावर असेल तर ही खुर्ची घेऊ नका, चांगल्या बेअरिंगच्या साध्या चार घ्या. आमच्यासारखा रॅम्प असेल तर एक घ्याच. दुसरी घेताना आम्ही लिथियम बॅटरीचा रेट मागवला आहे. महाग आहे, पण हलकी असते आणि चार्जिंगच्या जास्त फेऱ्या टिकते. मात्र आपल्या खुर्चीचा चार्जर तिला चालतो का, हे आधी विचारा.

आणि डेमो गुळगुळीत फरशीवर पाहू नका. तुमच्याच रॅम्पवर, दिवसभर वापरून उतरलेल्या बॅटरीवर, स्टाफमधला सगळ्यात जड माणूस बसवून पाहा. आमच्याकडे अकाउंटंट साहेब हौसेने तयार झाले आहेत.