कलम ४३अ की २०२३ चा कायदा?
वडोदऱ्यात दांडिया बाजारातल्या एखाद्या लॅबकडून रुग्णाचा रिपोर्ट भलत्याच नंबरवर गेला, तर?

माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३अ खाली भरपाई मिळवायची तर नुकसान रुग्णालाच सिद्ध करावं लागतं. ते सहसा जमत नाही, म्हणून लॅबची पद्धतही बदलत नाही.

टप्प्याटप्प्याने लागू होणाऱ्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेतल्या हलगर्जीला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. त्याच्या नियमांप्रमाणे माहितीची गळती झाली की रुग्णाला आणि डेटा संरक्षण मंडळाला लगेच कळवायचं, मंडळाला सविस्तर तपशील ७२ तासांत. संमतीची सूचना मराठीतही मागता येते. रिपोर्ट पाठवण्याआधी ओटीपी आणि प्रत्येक कर्मचाऱ्याला वेगळा पासवर्ड, एवढं तरी आत्ताच करा.

धंद्याची सवय मोडायला नवा कायदाच उजवा. मात्र दंड सरकारजमा होतो आणि हा कायदा पूर्ण लागू झाला की ४३अ ची भरपाईची वाट बंद होते. रुग्णावर हा सरळ अन्याय आहे.