डब्यावर १२००, मोबाईलवर ९३. दोन महिने वापरून सांगतो

दिवाळीच्या आधी आर्वीहून हा ड्युअल बँड, म्हणजे २.४ अन् ५ गिगाहर्ट्झ अशा दोन लहरींवर वायफाय देणारा राऊटर आणला, डब्यावर मोठ्या अक्षरात एसी १२०० लिहून आहे (एसी म्हणजे वायफायचा प्रकार, १२०० म्हणजे एमबीपीएसमधला स्पीड). गावात फायबर आलं, १०० एमबीपीएसचा प्लॅन घेतला, आणि भाचीच्या नीटच्या टेस्ट घरूनच ऑनलाइन असतात म्हणून जुना काढून हा लावला.

पहिले तो १२०० चा आकडा समजून घ्या भाऊ. २.४ गिगाहर्ट्झचे ३०० आणि ५ गिगाहर्ट्झचे ८६७, बेरीज ११६७, तीच ओढूनताणून १२०० केली. आता मोबाईल एका वेळी एकाच बँडवर राहते, मग ही बेरीज भेटणार कोणाला? आणि ८६७ सुद्धा हवेतला लिंक स्पीड आहे, म्हणजे राऊटर अन् मोबाईलमधला कागदावरचा वेग, घरातले सगळे मोबाईल तोच चॅनल आळीपाळीने वापरतात, एकाचं चालू असलं की दुसरा थांबते, वरून डेटा पोचल्याची पावती परत यायला वेळ जाते तो वेगळाच, त्याच्यामुळे खरा स्पीड निम्म्याच्या आसपास येते.

पण मला खरा राग आला तो राऊटर उलटा करून पाह्यला तेव्हा. मागच्या पोर्टांपाशी बारीक अक्षरात १०/१०० लिहून आहे. म्हणजे वायरमधूनच शंभराच्या वर काही आत येत नाही, हवेत ८६७ असू दे नाहीतर हजार. उद्या कोणी २०० चा प्लॅन घेतला तर अर्धे पैसे पाण्यात. हे डब्यावर समोर लिहायला पाहिजे होतं, शेतकऱ्याच्या घरात पैसे असे वर आलेले नसतात.

आता घरातले आकडे, सगळे एमबीपीएसमध्ये. लॅपटॉपला वायर लावून ९४. सपरीत (ओसरीत) राऊटरसमोर मोबाईलवर ५ वर ९३, २.४ वर ४२. आमचं घर जुनं, मातीच्या दीड फुटी भिंती, मधल्या खोलीत ५ चा स्पीड १८ वर आला अन् २.४ चा २७. मागं टिनाचं शेड आहे, तिथं ५ दिसतच नाही, २.४ कसाबसा ४ देते. भाचीची खोली नेमकी मधली, टेस्टमध्ये प्रश्नाची आकृती अर्धी येऊन अडकायची, पोरगी रडकुंडीला यायची.

राऊटर लोखंडी आलमारीच्या मागं ठेवला होता, ती माझी चूक. तिथून काढून दरवाजाच्या वर भिंतीला ठोकला तर मधल्या खोलीत २.४ वर ३८ येऊन राह्यले. शेजारी वायफाय फार नाहीत, म्हणून आपल्या गावात २.४ शहरापेक्षा मोकळा चालते, त्याला कमी समजू नका.

दुकानदार रिपीटर घ्या म्हणे, म्हणजे वायफाय पकडून पुढं फेकणारा डबा. नाही घेतला, कारण साधा रिपीटर एकाच बँडवर घेते अन् त्याच बँडवर पुढं देते, स्पीड जवळपास अर्धा होते. त्याच्यापेक्षा वीस मीटर लॅनची वायर मधल्या खोलीत ओढली आणि जुना राऊटर तिथं अॅक्सेस पॉइंट करून लावला, म्हणजे वायरीतून आलेलं नेट तो त्या खोलीत वायफायवर देते. आता टेस्ट अडकत नाही.

१०० च्या प्लॅनपुरता राऊटर चांगला आहे, गरम होत नाही, दोन महिन्यांत एकदाही हँग झाला नाही. पाचपैकी तीन. कापलेले दोन त्या आकड्यासाठी. घेणार असाल तर डबा फिरवून गिगाबिट पोर्ट (म्हणजे हजार एमबीपीएसचा) लिहून आहे का ते पाहा, आणि लाइन जाते तिथं १२ व्होल्टचा छोटा यूपीएस सोबतच घ्या.